घेबाच्या बांधाला टुफाचं झाड

माघ सरत आला की एखाद्या दुपारी आमच्या सांगलीतल्या घराच्या मागच्या खिडकीतून तो वास येतो. शिजलेल्या हळदीचा. आधी ओल्या मातीचा, मग थोडा कापराचा, थोडा उकडलेल्या रताळ्याचा, आणि शेवटी घशाशी रेंगाळणारा एक बारीक कडवटपणा. हल्ली हळद यंत्रात वाफेवर शिजते, उकडायच्या मोठाल्या काहिली गेल्या, त्यांच्याखालची चुलाणं गेली, पण वास तोच राहिला. तो आला की मी हातातलं काम तसंच ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहते. नातीला तो अजिबात सोसत नाही. "आजी, खिडकी लाव ना," म्हणते. मी लावत नाही.

परवा अशीच उभी होते, तर नात फोनवर कसलासा खेळ खेळत आली. पडद्यावर 'लाल' हा शब्द हिरव्या रंगात उमटतो आणि आपण शब्द न वाचता रंग सांगायचा. ती दर वेळी फसत होती आणि फसली की स्वतःवरच चिडत होती. मी म्हटलं, "अगं, हा खेळ माझ्याही जन्माआधीचा आहे. प्रयोगशाळेतला आहे." तिला खरं वाटेना. तिच्या मते आजीच्या काळात फक्त सागरगोटे होते. मी मोबाइलचा नंबर सांगताना पाच-पाच आकड्यांचे दोन तुकडे का करते, अभ्यास एका बैठकीत न उरकता दिवसाआड थोडा थोडा करायला का लावते, हे सगळं कुठून आलं ते तिला सांगायला बसले तर आधी हळदीपासून सुरुवात करावी लागेल. एका सालच्या हळदीपासून. आणि ती माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आहे, त्यामुळे मी ती लांबवणार हे नातीला पक्कं ठाऊक आहे.

सत्तरीच्या दशकातलं साल. मी सांगलीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि विषय घेतला होता मानसशास्त्र. गावात बातमी पसरली ती अशी, की हवालदाराची सुमी वेड्यांचं शिकतीया. आमचं गाव कृष्णेच्या काठाला, सांगलीहून एस.टी.नं तासाभरावर. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेच्या संदेशवहनात, सिग्नलला, होते आणि एकाहत्तरची लढाई आटोपल्यावर पेन्शन घेऊन घरी आले होते. उसाची आणि हळदीची शेती. पारावर कुणी आबांना विचारलं, "हवालदार, पोरगी यड्यांच्या हास्पिटलात लागनार व्हय?" तर आबा शांतपणे म्हणायचे, "व्हय. तुझ्यासाठी खाट राखून ठिवाय सांगतो."

आमचा प्रॅक्टिकलचा वर्ग कॉलेजच्या व्हरांड्याच्या टोकाला होता. खिडक्यांना काळे पडदे. टेबलावर एक आरसा, ज्यात बघून कागदावरची चांदणी गिरवायची आणि हात भलतीकडेच पळायचा. एक मेमरी ड्रम, म्हणजे फिरणारा डबा, ज्याच्या फटीतून एकेक शब्द दिसून नाहीसा व्हायचा. आणि एक स्टॉपवॉच, जे आमच्या बाई रोज संध्याकाळी पर्समध्ये घालून घरी न्यायच्या, कारण त्यांचा शिपायावर विश्वास नव्हता. बाई बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक. पण त्या प्रयोग शिकवायच्या नाहीत, सांगायच्या. पूर्वी काय घडलं, कुणी काय पणाला लावलं, मग काय झालं, असं. आम्ही पोरी वेणीची टोकं चावत ऐकत राहायचो.

त्यातल्या तीन गोष्टी मला आजही जशाच्या तशा ऐकू येतात. पहिली एका जर्मन गृहस्थांची, तेव्हाच्याही जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची. माणूस किती विसरतो हे त्यांना मोजायचं होतं. पण खरे शब्द घ्यावेत तर प्रत्येक शब्दाला काहीतरी चिकटलेलं असतं. 'विहीर' म्हटलं की कुणाला पाणी आठवतं, कुणाला आत्या. म्हणून त्यांनी मुळी अर्थच नसलेली अक्षरं जुळवली, वर्षानुवर्षं एकट्यानं खोलीत बसून ती पाठ केली आणि विसरली, आणि विसरण्याचा आलेख काढला. किती लक्षात राहिलं त्याची रेघ पहिल्या तासाभरातच धाडकन खाली येते आणि मग हळूहळू सपाट होते. दुसरी गोष्ट एका इंग्रज प्राध्यापकांची. त्यांनी विद्यार्थ्यांना दूरदेशची एक विचित्र लोककथा वाचायला दिली आणि पुढे दिवसांनी, महिन्यांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावली. प्रत्येकाच्या तोंडी ती कथा बदलत गेली. न कळणाऱ्या गोष्टी गळाल्या, परक्या होडीची त्यांच्या ओळखीची होडी झाली. माणूस आठवतो म्हणजे कपाटातून वस्तू काढत नाही, तर दर वेळी नव्यानं रांधतो, असं बाई म्हणायच्या.

तिसरी गोष्ट अगदी ताजी होती, अमेरिकेतली. लोकांना दोन गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर 'आदळून चक्काचूर झाल्या' तेव्हा वेग किती होता? फिल्म एकच, पण दुसऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आणि आठवड्यानं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना रस्त्यावर फुटलेली काचही आठवली. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. "प्रश्न विचारणारा आपल्या प्रश्नातून समोरच्याच्या आठवणीत हात घालू शकतो," बाई म्हणाल्या. वर्गात कुणी हसलं नाही. कोर्टकचेरीत पुढे या एका प्रयोगाचं किती वजन झालं ते आता जगाला माहीत आहे. आमच्या घरात त्याचं वजन किती झालं ते मी सांगणार आहे.

पुण्याला जाऊन एम.ए. करायचं हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. बाईंनी डोक्यात घातलं आणि ते तिथंच राहिलं. पण घरात विषय निघाला तेव्हा मिरजेकडचं एक स्थळ उंबऱ्याशी येऊन थांबलेलं होतं. ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे आहे. आबांनी रेडिओवरच्या बातम्या ऐकल्या, आणि रोजच्यासारखं मनगटावरचं घड्याळ काढून त्याला चावी देत बसले. फौजेतलं घड्याळ, फौजेतली वेळ. चावी देता देता, वर न बघता, ते म्हणाले, "प्रॅक्टिकलात कॉलेजात पयली ये. मग पुन्याला धाडतो. न्हाईतर मिरजकरांना हो म्हनायचं. शबूद दिला." अंगणात बायका हळद निवडत होत्या. सगळ्यांनी ऐकलं. आबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे गावाला ठाऊक होतं.

आता अडचण अशी, की प्रॅक्टिकलचे निम्मे गुण वर्षभराच्या प्रयोगांना, आणि मला मिळाला तो जर्मन गृहस्थांचा प्रयोग. त्याला माणसं लागतात. आम्ही त्यांना 'सब्जेक्ट' म्हणायचो. वर्गातल्या पोरी एकमेकींच्याच सब्जेक्ट व्हायच्या, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांची अक्षरं पाठ झाली होती. बाई वैतागून म्हणाल्या, "आता बाहेरची माणसं आणा. ज्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही अशी." मला माणसं शोधायला लांब जायचं नव्हतं. आमच्या खळ्यावर ती रोज सकाळी आपापली भाकरी बांधून येत होती.

हळदीच्या दिवसांतलं खळं ज्यानं पाहिलं नाही त्याला मी काय सांगू! पहाटेपासून चुलाण धडधडतंय, काहिलीतून पिवळी वाफ उठतेय, उकडलेली हळद पाटीपाटीनं उन्हात पसरली जातेय. आणि एका बाजूला बायकांचा गोल, गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करणारा. त्यांची नखं पिवळी, पायाच्या भेगा पिवळ्या, पदराची टोकं पिवळी. दुपारी भाकरी खाताना भाकरीसुद्धा पिवळी व्हायची. आणि या गोलाच्या मधोमध हौसाकाकी. काकी म्हणजे आबांची थोरली भावजय. चौथीपर्यंत शिकलेली, आवाज खणखणीत, आणि आबांना चारचौघांत चिडवण्याचा भावजयीचा हक्क तिनं एक दिवसही वाया घालवला नाही.

मी काकीसह पाच बायका निवडल्या. एकेकीला गोठ्यामागं नेऊन बसवायचं, अक्षरं वाचून दाखवायची, ती न चुकता म्हणून दाखवेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायची. घेब, टुफ, मोझ, डीख, लेफ, नुढ, थेण, शोझ. यातल्या एकालाही अर्थ नाही याची मी आठवडाभर खपून खात्री केली होती.

"आन् ह्ये कुणाच्या उपेगाचं?" काकीनं विचारलं.

"कुणाच्याच नाही. म्हणून तर घेतलं."

"मंग इसरू काय?"

"विसरलं तरी चालेल. मी अधूनमधून विचारणार, किती आठवतंय ते. फक्त मधल्या वेळात घोकायचं नाही हं काकी. अजिबात नाही."

"न्हाई घोकत," काकी म्हणाली. आणि मी सांगते, तिनं तो शब्द पाळला.

पहिल्या दिवशी सगळं पुस्तकातल्यासारखं झालं. तासाभरानं विचारलं तर निम्मी अक्षरं गळालेली. काकीला 'डीख' काही केल्या सापडेना, ती चुलाणाकडं बघत राहिली. माझ्या मनात लाडू फुटत होते. वाटलं, जर्मनीत काय आणि आमच्या गावात काय, माणूस सारखाच विसरतो. पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर दोनचार अक्षरं परत आलेली. आणि आठवड्यानं विचारलं तेव्हा पाचही जणींनी आठच्या आठ अक्षरं, क्रमानं, एका दमात म्हणून दाखवली. शिवाय ज्यांना मी निवडलंच नव्हतं त्या बायकांनाही ती येत होती. पाणी द्यायला आलेल्या पोरीला येत होती. विस्मरणाची रेघ खाली जायची सोडून वर चढत होती.

मी कपाळाला हात लावून पायरीवर बसले. काकी काळजीनं जवळ आली. "काय झालं गं? चुकलं का आमचं?"

"काकी, खरं सांगा. घोकलंत ना?"

"देवाची आन. येक डाव बी घोकलं न्हाई."

"मग?"

काकीनं बाकीच्यांकडं पाहिलं. आणि मग हळकुंडं मोडण्याच्या ठेक्यावर त्या सगळ्या जणी गायला लागल्या.

घेबाच्या बांधाला टुफाचं झाड,
मोझाच्या डोईवर डीखाचा भार,
लेफाची लेक गं नुढाला दिली,
थेणाच्या वाटेनं शोझाला गेली.

मी रडावं की हसावं अशा पेचात होते, आणि शेवटी हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते मात्र नुसतं हसण्याचं नव्हतं. कारण तोवर मला उलगडा झाला होता. त्या संध्याकाळी आबांची अट सगळ्यांनी ऐकली होती. पोरीच्या परीक्षेचं काम आहे, आपण विसरलो तर पोरगी नापास होणार आणि मिरजेला जाणार, असा त्यांनी सरळ हिशेब केला. आणि मग जे लक्षात ठेवायचं ते त्यांनी आयुष्यभर जसं ठेवलं तसंच ठेवलं. गाण्यात. एकीला आठवलं नाही तर दुसरीनं पुरवून. अर्थ नसलेल्या अक्षरांना बांध दिला, झाड दिलं, डोईवर भार दिला, लेक दिली. खळ्यावर एकटीनं काही पाठ करायचं ही कल्पनाच कुणाला सुचली नसती.

वर्गातली माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण व्यवहारी होती. म्हणाली, "अगं, पेन्सिलनं रेघ खाली आण आणि मोकळी हो. खळ्यावर कोण तपासायला जातंय?" एक अख्खी संध्याकाळ मी त्या रेघेकडं बघत बसले. पुणं त्या रेघेच्या टोकाला होतं. पण ती रेघ वर गेली होती ती पाच बायकांच्या मायेनं, आणि ती खाली ओढायला माझा हात उठेना. दुसऱ्या दिवशी मी तोच आलेख बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि गाण्यासकट सगळं सांगितलं.

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "अगं, तू जर्मन गृहस्थांचा प्रयोग करायला गेलीस आणि तुझ्या बायकांनी इंग्रज प्राध्यापकांचा करून दाखवला! अर्थ नसेल तिथं माणूस आपला अर्थ पेरतो. आता हे असंच लिही. रेघ का चढली ते लिही." मग चष्मा पुसत जरा थांबून म्हणाल्या, "पहिली येशील का ते मात्र मला सांगता यायचं नाही." मी मान हलवली. त्या क्षणी मला खरंच काही वाटलं नाही. वाटलं ते एस.टी.त, परतीच्या वाटेवर.

हे गाणं पुढं कुठं गेलं ते इथंच सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी नागपंचमीला शिराळ्याकडच्या एका खेड्यात मी एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. संध्याकाळी पोरी फेर धरून नाचत होत्या, आणि ऐकते तर काय, 'घेबाच्या बांधाला टुफाचं झाड'! आमच्या खळ्यावरच्या कुणाची तरी लेक त्या बाजूला दिली असणार. मी एका झिपरीला बोलावून विचारलं, "हे गाणं कुठलं गं?"

"लय जुनं हाय आजी. आमच्या पणजीच्या आदीपासनं."

"घेब म्हणजे काय?"

"गाव हाय की. हिकडं न्हाई, कोकनाच्या अंगाला."

"आणि टुफ?"

"झाड. आता न्हाई ऱ्हायली ती. तोडली समदी."

त्यांच्या गाण्यात दुसरी ओळ बदलली होती. 'मोराच्या डोईवर तुऱ्याचा भार' असं त्या म्हणत होत्या. मी सांगून पाहिलं, की मोर नव्हे, मोझ. तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मोझ कुटं असतो व्हय?" मी निमूटपणे माघार घेतली. बाई असायला हव्या होत्या असं फार वाटलं.

तर प्रॅक्टिकलचा दिवस. रिवाज असा, की परीक्षेला प्रत्येकीनं आपला सब्जेक्ट बरोबर आणायचा. पोरींनी धाकटे भाऊ आणले, शेजारणी आणल्या. मी काकीला नेलं. काकीनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं आणि नखांतली हळद लिंबानं घासूनही गेली नव्हती. व्हरांड्यातल्या बाकावर ती ताठ बसली होती. परीक्षा आपलीच आहे, असा तिचा समज होता, आणि तो मी कितीही सांगून बदलला नाही.

बाहेरून आलेले परीक्षक करड्या मिशांचे, मितभाषी. त्यांनी माझा आलेख पाहिला, उलटा धरून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "विस्मरणाची रेघ वर जाते?" मी कारण सांगू लागले. त्यांनी हातानं थांबवलं आणि काकीकडं वळले. "काय हो बाई, मध्ये घोकायचं नाही असं हिनं तुम्हाला बजावलं नव्हतं का?"

"बजावलं हुतं की सायेब. आमी घोकलं न्हाई. आमी गायलो."

वर्गात खसखस पिकली. परीक्षकांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत. "पण विसरायला काय हरकत होती? विसरणं किती हेच तर मोजायचं होतं."

काकी गोंधळली. तिला तो प्रश्नच समजेना. "आवं सायेब," ती म्हणाली, "आपल्या पोरीचं काम हाय म्हटल्यावर इसरंल कोन?"

त्यांनी माझ्या वहीचं पान उलटलं. मग मला अर्धा तास प्रश्न विचारले, आणि आयुष्यात तितक्या मोकळेपणानं मी कुठल्याच परीक्षेत बोलले नाही. शेवटी माझी वही मिटून ते म्हणाले, "तोंडी उत्तम. पण प्रयोग म्हणून हे बाद आहे. तुम्हाला ठाऊक आहे ना?" "हो सर," मी म्हटलं. ते बरोबरच होतं. बाकावर बसलेल्या काकीनं 'बाद' एवढा शब्द ऐकला, आणि तिचा चेहरा उतरला.

एस.टी.त काकी वाटभर पदराच्या टोकाला पीळ देत बसली. पूल गेला, गुऱ्हाळांचा धूर गेला, उसाच्या गाड्या मागं पडल्या. मग एकदम तिनं विचारलं, "सुमे, ती मोटारींच्या टकरीची गोष्ट सांगितली हुतीस बघ खळ्यावर. काच फुटलीच नव्हती ती. पुन्यांदा सांग." मी थकले होते, तरी सांगितली. काकीनं दोन ठिकाणी थांबवून नीट विचारून घेतलं. मग पदर सावरून ती खिडकीबाहेर बघत बसली.

त्या संध्याकाळी हळदीची शेवटची काहील उतरली होती. बायका हातपाय धुऊन अंगणात चहाला बसल्या होत्या. आबा बातम्या संपवून बाहेर आले. "काय झालं प्रॅक्टिकलाचं?" असं ते विचारणार, त्याच्या आत काकी बोलली.

"भावजी, येक सांगा. त्या दिवशी तुमी 'सुमी पास झाली की पुन्याला धाडतो' म्हनालासा बघा, तवा तुमच्या हातात च्याची कपबशी हुती का च्याची पितळी? ह्या बाया म्हंत्यात पितळी. मी म्हंते कपबशी."

मी हातातला चहा खाली ठेवला. कारण कपबशीही नव्हती आणि पितळीही नव्हती, आणि 'पास झाली की' असं तर कुणी म्हटलंच नव्हतं. आबांनी काकीकडं पाहिलं. मग एकेका बाईकडं पाहिलं. सगळ्या जणी अगदी गंभीर चेहऱ्यानं उत्तराची वाट बघत होत्या.

"पितळी," एक म्हणाली.

"न्हाई, कपबशीच," स्वयंपाकघराच्या दारातून माझी आई म्हणाली. आबांच्या बोलण्यापुढं कधी चकार शब्द न काढणारी माझी आई. "मीच दिली हुती. निळ्या काठाची."

आबांनी कपाळावर आठ्या घातल्या. बराच वेळ आठवल्यासारखं केलं. "कपबशी," ते म्हणाले. "बरुबर हाय वैनीचं. कपबशी हुती."

"मंग झालं तर," काकी म्हणाली आणि चहा प्यायली.

त्या वर्षी मी प्रॅक्टिकलात दुसरी आले. पहिली आली ती सुरेख खाली उतरणारी रेघ काढणारी मुलगी. पण मला कुणी नंबर विचारलाच नाही. जूनमध्ये आबा स्वतः ट्रंक खांद्यावर घेऊन मला पुण्याला पोचवायला आले, आणि पुढं मी जन्मभर हाच विषय शिकवला. गाड्यांच्या टकरीचा प्रयोग आला की दर वर्षी वर्गाला आमच्या अंगणातली कपबशी सांगायचे. कारण आबा ती गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, आणि दर वेळी तिच्यात भर पडायची. बशीचा टवका उडालेला होता. चहात गवती चहा होता. "बघा," मी मुलांना सांगायचे, "एका प्रश्नानं माणसाच्या डोक्यात अख्खी कपबशी ठेवता येते."

आबा खूप थकले तेव्हाची गोष्ट. असाच माघ होता. मी सुट्टी काढून गावी गेले होते. आबा उन्हात खाटेवर बसले होते आणि समोर काकी, तीही वाकलेली, सुपातली हळकुंडं उगाच वरखाली करत होती. आबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. बोटांत जोर उरला नव्हता. "सुमे, चावी दे हेला," म्हणाले.

मी चावी देत होते. आबा माझ्या बोटांकडं बघत होते.

"त्या दिवशी मी बी चावीच देत हुतो," ते हळूच म्हणाले. "पयली आलीस तर धाडतो, असं म्हनालो हुतो."

माझा हात थांबला. "आबा! म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हनल्यावर मलाच पस्तावा झाला हुता. पर शबूद दिलेला. तो मोडायचा कसा? वैनीनं कपबशी म्होरं केली, म्हटलं, घ्यावी."

इतकी वर्षं वर्गावर्गांतून सांगितलेली ती कपबशी माझ्यासमोर पहिल्यांदा रिकामी झाली, आणि मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. मी उठून काकीला हाक मारणार, तेवढ्यात आबांनी माझं मनगट धरलं.

"वैनीला सांगू नगंस," ते म्हणाले. "तिचा प्रयोग जमलाय. ऱ्हाऊ दे तसाच."

काकी सुपातून वर बघून म्हणाली, "काय गं, काय म्हंत्यात भावजी?"

"काही नाही काकी," मी म्हटलं. "कपबशी आठवतेय त्यांना."